नानांचं वेगळं ताट आणि चौऱ्याऐंशी दिवस

डॉक्टरबाई, नमस्कार. माझे सासरे, म्हणजे आमचे नाना, वय ६१, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर ‘हिपॅटायटिस सी रिअॅक्टिव्ह’ आलं आणि दवाखान्यातून ‘आधी याचं बघा’ म्हणून परत पाठवलं. नानांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही, तरी ‘लिव्हरचं दुखणं’ म्हटलं की पाहुणे गालातल्या गालात हसतात. १९९६ साली घाटात अपघात झाला तेव्हा त्यांना चार बाटल्या रक्त चढवलं होतं. आता सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळं काढलंय. माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. नाना त्याला उचलून घेत नाहीत, आणि खरं सांगू का, त्यांनी घेऊ नये असं मलाही आतून वाटतं. त्याची लाजही वाटते. शेजारच्या काकांना २००९ मध्ये याच आजाराची इंजेक्शनं चालू होती, त्यांचे हाल आम्ही पाहिलेत. म्हणून नाना म्हणतात, ‘मला काही नको, आहे ते बरं आहे.’ चुलत दीर म्हणतात, गावात एक जण कावीळ उतरवतो, तिकडे न्या. सिव्हिलमध्ये गोळ्या फुकट मिळतात म्हणे, पण फुकटच्या औषधाला गुण तो किती? त्यांना साखर आहे, त्याच्या आणि गॅसच्या गोळ्या चालू आहेत. रिपोर्टचे फोटो सोबत पाठवते.
— एक सून, सातारा जिल्हा

ताई,

आधी बाळाचं. नानांकडे द्या त्याला. आज संध्याकाळीच द्या.

हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. मांडीवर घेतल्यानं, पापा घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं, खोकल्यानं, एकाच बाथरूममध्ये अंघोळ केल्यानं जात नाही. सासूबाईंनी वेगळं काढलेलं ताट बाळाचं काही रक्षण करत नाही; नानांना रोज दोन वेळा टोचतं तेवढंच. वेगळ्या ठेवायच्या वस्तू दुसऱ्याच आहेत आणि त्यांच्याकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही: दाढीचा रेझर, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश. नानांना कुठं कापलं-खरचटलं तर जखमेवर पट्टी, आणि फरशीवर रक्त सांडलं तर हातमोजे घालून ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून घ्यायचं. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू काही दिवस तग धरतो. साखरेसाठी बोट टोचायचं यंत्र घरी असेल तर त्याची सुई नानांशिवाय कुणालाही वापरू देऊ नका. पाहुणे आले की ‘माझी पण बघ गं जरा’ म्हणून त्याच सुईनं बोट पुढं करतात, तो प्रकार बंद.

तुम्हाला भीती वाटली यात लाजण्यासारखं काही नाही. आठ महिन्यांच्या पोराच्या आईला नाही तर कुणाला वाटणार? पण भीती कशाची धरायची ते आता कळलंय, तर रेझरची धरा, नानांची नको.

आता दारूचं. पाहुण्यांना एकच तारीख सांगा. आपल्या देशात रक्तपेढीतल्या प्रत्येक बाटलीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. हा विषाणूच मुळात १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी डॉक्टर त्याला नुसतं ‘ए नाही, बी पण नाही’ अशा नावानं ओळखत. नानांना १९९६ मध्ये चढवलेलं रक्त त्यासाठी तपासलेलं असण्याची शक्यता फार कमी. त्या रक्तानं त्यांचा जीव वाचवला आणि त्यातूनच बहुधा हा पाहुणा आला. दुसऱ्या वाटाही आहेत. एकच सुई अनेकांना, नीट न उकळलेल्या काचेच्या सिरिंज, गोंदण, डायलिसिस. त्या काळात साध्या तापाला ‘सुई मारा डॉक्टर’ म्हणणारे आणि मारणारे दोन्ही भरपूर होते. आमच्या धंद्याचंही त्यात पाप आहे, ते मी नाकारत नाही.

तुमचे रिपोर्ट पाहिले. त्यात एक मोठी गोष्ट राहिली आहे. ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणजे या विषाणूशी नानांच्या शरीराची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे ती तपासणी सांगत नाही. शंभरातल्या १५ ते ४५ जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला आपणच हुसकावून लावतं. त्यांचाही हा रिपोर्ट जन्मभर रिअॅक्टिव्हच येतो. म्हणून दुसरी तपासणी करायची ती ‘एचसीव्ही आरएनए’, बोलीभाषेत व्हायरल लोड, म्हणजे आज रक्तात विषाणू आहे का आणि किती. ती झाल्याशिवाय औषधही नाही आणि रडारडही नाही. सिव्हिलमध्ये हिपॅटायटिसच्या कार्यक्रमाखाली ही तपासणी मोफत होते. जनुकीय प्रकार शोधायची वेगळी महागडी तपासणी कुणी सांगितली तर विचारा, कशासाठी? आपल्याकडे बहुतेकांना तिसरा प्रकार असतो, आणि आताच्या गोळ्या सगळ्याच प्रकारांवर चालतात.

माझा अंदाज विचाराल तर विषाणू आहे. कारण यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन घटक, एसजीओटी आणि एसजीपीटी, नानांचे ७६ आणि ८१ आहेत, आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार, म्हणजे कमी नाहीत पण काठावर. आम्ही या आकड्यांवरून एक सोपा हिशेब मांडतो. वय गुणिले एसजीओटी करायचं, आणि हजारांत घेतलेल्या प्लेटलेटना एसजीपीटीच्या वर्गमूळानं गुणून येणाऱ्या आकड्यानं त्याला भागायचं. ६१ गुणिले ७६ म्हणजे ४६३६, १६० गुणिले ९ म्हणजे १४४०, उत्तर ३.२२. हा आकडा ३.२५ च्या वर गेला की यकृत घट्ट होऊन गाठाळलंय, म्हणजे सिरॉसिस आहे, असं धरून चालतात. नाना उंबरठ्यावर उभे आहेत. दुसऱ्या एका सूत्रानं उत्तर १.१९ येतं, तिथं २ च्या वर गेलं की सिरॉसिस धरतात. एक सूत्र काठावर नेतं, दुसरं अलीकडे ठेवतं. अशा वेळी फायब्रोस्कॅन करून घ्यावा. यकृत किती घट्ट झालंय ते मोजणारी, सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी तपासणी आहे, दहा मिनिटांत होते. त्यात १२.५ च्या वर आकडा आला तर सिरॉसिस समजायचा.

एवढा काथ्याकूट कशासाठी, तर गोळ्या त्यावर ठरतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लॅटसविर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, बारा आठवडे. सिरॉसिस आहे पण पोटात पाणी नाही, रक्ताची उलटी नाही, बरळणं नाही, अशा अवस्थेत सोफोसबुविरबरोबर वेलपॅटसविर, तेही बाराच आठवडे. यकृत कोलमडलेलं असेल तर रायबॅविरिन या जुन्या गोळीची भर घालतात किंवा मुदत चोवीस आठवड्यांवर नेतात, आणि ते मोठ्या रुग्णालयातच करावं. तुम्ही लिहिलंय त्यावरून नाना त्या टोकाला गेलेले दिसत नाहीत. ‘आहे ते बरं आहे’ म्हणत बसले तर मात्र तिकडेच जातील. हा आजार वीस-वीस वर्षं गप्प राहतो. डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही. १९९६ पासून आजपर्यंत नानांना काही झालं नाही याचा अर्थ काही झालंच नाही, असा नाही, ३.२२ हा आकडा तेच सांगतोय.

शेजारच्या काकांबद्दल. मीही त्या वर्षांत ती इंजेक्शनं दिली आहेत. आठवड्यातून एकदा इंटरफेरॉन, फ्रिजमध्ये जपून ठेवायचं, पोटाच्या कातडीखाली टोचायचं. बरोबर रायबॅविरिनच्या गोळ्या. रात्री हुडहुडी भरून ताप, केस गळणं, रक्त कमी होणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस आतून खचायचा. माझे एक रुग्ण, शाळामास्तर, बायकोला म्हणाले होते, ‘मी घरात आहे पण मी इथं नाही.’ चोवीस आठवडे, कधी अठ्ठेचाळीस. लाखांत खर्च. आणि एवढं सोसूनही काहींचा विषाणू परत यायचाच. नाना त्या आठवणीला घाबरतात, ते बरोबरच आहे. पण ती इंजेक्शनं आता या आजारात कुणी देत नाही. नव्या गोळ्यांनी डोकं थोडं दुखतं, थकवा येतो, क्वचित मळमळतं. बहुतेक जण कामधंदा चालू ठेवून घेतात. आणि शंभरात पंच्याण्णवच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात. दाबून ठेवणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. हे बरं होणं आहे. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात घुसून ठाण मांडतो, म्हणून तिथं वर्षानुवर्षं गोळी लागते. सीचा विषाणू केंद्रकात शिरत नाही. त्याला टिकायचं तर सतत आपल्या नकला काढत राहावं लागतं. सोफोसबुविर त्या नकलेच्या साखळीत खोटी कडी घालते. पुढची कडी तिच्यात अडकतच नाही. दुसरी गोळी त्याचं आणखी एक प्रथिन बांधून ठेवते. नकला थांबल्या की काही आठवड्यांत विषाणूचा निर्वंश होतो.

आता फुकटच्या गुणाचं. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की त्याचं उत्तर जरा लांबवते.

सोफोसबुविर अमेरिकेत मंजूर झालं डिसेंबर २०१३ मध्ये. तिथं बारा आठवड्यांच्या औषधाची किंमत ठेवली ८४,००० डॉलर. एका गोळीला हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं साठेक हजार रुपये. नानांचा तेव्हाचा दोन-तीन महिन्यांचा पगार एका गोळीला! तिकडच्या विमा कंपन्यासुद्धा ‘यकृत जास्त बिघडलेल्यांनाच आधी देऊ’ म्हणायला लागल्या होत्या. २०१४ मध्ये मूळ कंपनीनं भारतातल्या औषध कंपन्यांना ते बनवायचे परवाने दिले, २०१५ मध्ये आपल्याकडची गोळी बाजारात आली आणि किंमत कोसळली. मग उलटी गंगा वाहिली: ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशांतले रुग्ण भारतात बनलेल्या गोळ्या मागवून बरे व्हायला लागले. पंजाबात हा आजार फार; तिथल्या सरकारनं २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून मोफत उपचार सुरू केले. आणि २८ जुलै २०१८ ला, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र सरकारनं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यातून मिळते ती हीच गोळी, याच मात्रेची. फुकट आहे ती आपल्या करातून, आणि नानांनी पस्तीस वर्षं कर भरलाय. खाजगीत विकत घ्यायची ऐपत असेल तर घ्या, त्यात गैर काही नाही. पण महाग घेतली म्हणून ती जास्त लागू पडणार नाही.

सिव्हिलला जाताना नानांचं आधार कार्ड, हे सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. चिठ्ठी नको, पट्ट्याच. खरा घोळ इथं होतो. गॅसची गोळी म्हणजे ओमेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोल असणार. वेलपॅटसविर पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषलं जात नाही, म्हणजे सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी आणि मग हे औषध, असं केलं तर अर्धं वाया. डॅक्लॅटसविर ठरलं तर ही अडचण एवढी नसते. तरी डॉक्टरांना सांगाच, आणि जमल्यास तीन महिने गॅसची गोळी बंदच ठेवायला विचारा. निम्म्या लोकांना ती सवयीनं चालू असते. फिट येऊ नये म्हणून चालू असलेल्या काही गोळ्या, टीबीचं रिफॅम्पिसिन, हृदयाचे ठोके आवरणारं अॅमिओडॅरोन, यांचं आणि या औषधांचं जमत नाही. त्यातलं नानांना काही चालू नसावं, पण पट्ट्या पाहिल्या की कळेल. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर तीही दाखवा. आणि साखर. विषाणू रक्तातून हटायला लागला की पुष्कळांची साखर उतरते. चांगलंच आहे, पण साखरेच्या गोळ्या तेवढ्याच राहिल्या तर एखाद्या दुपारी नाना घामाघूम होऊन थरथरतील. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा तरी साखर बघा आणि गोळी कमी करायची का ते विचारा.

औषध सुरू करण्याआधी एक तपासणी चुकवू देऊ नका: हिपॅटायटिस बी. दोन्ही विषाणू एकाच शरीरात असले की सी दुसऱ्याला दाबून ठेवतो; सी गेला की बी उसळून येऊ शकतो. बी नसेल तर त्याची लस टोचून घ्या. सीची लस अजून निघालेली नाही.

तुमच्या चुलत दिरांचा तो कावीळ उतरवणारा. रागावू नका, पण मी स्वतः अशा एकाकडे हात धुऊन आले आहे. नोकरीला नवी होते तेव्हा गावातल्या नर्सबाई घेऊन गेल्या. त्यानं माझ्या हातांवर कसल्याशा सालीचा रस चोळला, मग चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक! मला कावीळ नव्हती. त्या रसाचा आणि चुन्याचाच तो रंग.

तरी लोकांना त्याचा गुण का येतो? कारण पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ, ए आणि ई प्रकारची, बहुतेकांची महिना-दीड महिन्यात आपोआप उतरते. माळ घाला, नाकात थेंब टाका, नुसते झोपून राहा, उतरते. श्रेय शेवटच्या दिवशी जो समोर असतो त्याला मिळतं. नानांची कावीळ त्या जातीची नाही; उतरायला मुळात डोळे पिवळेच झालेले नाहीत. त्यात झाडपाल्याचे काढे यकृतावर भार टाकतात. कोविडच्या दिवसांत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडलं होतं, आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. त्या वादात मी तुम्हाला ओढत नाही. हे तीन महिने नानांच्या पोटात या गोळ्यांखेरीज दुसरा कसलाही काढा, चूर्ण, भस्म जाऊ नये, एवढंच पाळा. आणि कावीळ म्हणून कुणी उसाचा रस, ग्लुकोज पाजायला आलं तर दारातूनच परत पाठवा. साखरेच्या माणसाला उसाचा रस! हळद बंद, तेल बंद, नुसता भात-ताक, हेही नको. भाकरी, आमटी, उसळ, चालत असेल तर अंडं, नेहमीचं जेवण.

गोळी रोज ठरलेल्या वेळी. एखाद्या दिवशी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन नका घेऊ. बाटलीत २८ दिवसांच्या गोळ्या असतात. ती संपायच्या आठवडाभर आधी पुढची आणा, रविवार, सण, संप, काहीही आडवं येतं. महिन्याभरात तपासलं तर व्हायरल लोड बहुधा शून्य दिसेल आणि नाना म्हणतील, ‘झालं की मग.’ नाही झालं. एसटी डेपोत लागेपर्यंत ड्रायव्हरनं स्टेअरिंग सोडायचं नसतं हे त्यांना मी सांगायला नको. चौऱ्याऐंशी दिवस म्हणजे चौऱ्याऐंशी.

आणि त्यानंतरची तपासणी. गोळ्या संपल्यावर लगेच करायची नाही. आणखी बारा आठवडे थांबून पुन्हा व्हायरल लोड करायचा. तेव्हा विषाणू सापडला नाही तर आजार गेला. दिवाळीनंतर सुरू केलं तर ही तपासणी अक्षय्य तृतीयेच्या आसपास येईल; कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. माझ्याकडे गोळ्या पूर्ण करून गेलेले कितीतरी जण या तपासणीला फिरकतच नाहीत. शंभरातल्या त्या चार-पाच जणांत आपण आहोत की काय हे मग कळत नाही. त्यांच्यासाठीही पुढचं औषध आहे, पण कळलं तर. फायब्रोस्कॅनमध्ये सिरॉसिस निघाला असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण तशा यकृतात कॅन्सरची गाठ होण्याचा धोका कमी होतो, संपत नाही. आणि एकदा बरं झालं म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही. दाढीला सलूनमध्ये जात असतील तर नवं ब्लेड समोर लावायला सांगायचं.

सासूबाईंची एकदा तपासणी करून घ्या. नवऱ्याकडून बायकोला होण्याचं प्रमाण अगदी कमी आहे, पण इतक्या वर्षांचा संसार आहे. तुमचे यजमान नानांचा रेझर वापरत आले असतील तर त्यांचीही. तुमची आणि बाळाची गरज नाही.

मोतीबिंदूसाठी हे सगळं संपेपर्यंत थांबायची सक्ती नाही. हत्यारं प्रत्येक रुग्णाची सारख्याच काळजीनं निर्जंतुक करायची असतात. ज्याचा रिपोर्ट निगेटिव्ह त्याची कमी, असं कुठं नाही. साखर आटोक्यात ठेवा आणि दुसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथंही आधी तीच साधी तपासणी होईल आणि ती रिअॅक्टिव्हच येईल, आज, पुढच्या वर्षी आणि नाना ऐंशीचे होतील तेव्हाही. म्हणून शेवटचा व्हायरल लोडचा रिपोर्ट आला की त्याच्या तीन झेरॉक्स काढा, एक लॅमिनेट करून फाइलच्या पहिल्या पानाला लावा, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: उपचार पूर्ण, विषाणू नाही.